नोट फॉरवर्ड का होत नाही?

उल्हासनगरच्या मालाची एक जुनी थट्टा आहे: ‘मेड इन यूएसए’, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. हुबेहूब नक्कल करण्यात हे गाव वाकबगार, असा लौकिक. त्यात टोमणा किती आणि कौतुक किती, हे सांगणाऱ्यावर अवलंबून. पण संगणकात नक्कल करायला कौशल्यही लागत नाही. एक फोटो शंभर जणांना पाठवला तरी आपल्याकडचा उरतोच. मग डिजिटल पैसा असा फॉरवर्ड का करता येत नाही?

उल्हासनगरच्या गजानन मार्केटमधल्या दुकानात साउंडबॉक्स ‘पाचशे रुपये प्राप्त’ म्हणून ओरडतो, तेव्हा तुमच्या फोनमधून पैसे असे काही निघालेले नसतात. निघतो तो फक्त आदेश. तुमच्या खात्यातून पाचशे वजा होतात, दुकानदाराच्या खात्यात जमा होतात. दोन बँका आपसातला हिशेब नंतर रिझर्व्ह बँकेकडच्या खात्यांतून चुकता करतात. नक्कल होते ती स्क्रीनशॉटची. म्हणून तर दुकानदार स्क्रीनपेक्षा डबीवर विश्वास ठेवतो.

न दिसणारा पैसा इथल्या सिंधी व्यापाऱ्यांना नवा नाही. सिंधमधल्या शिकारपूरच्या सावकारांच्या हुंड्या पार मध्य आशियापर्यंत वटत.

ई-रुपयाची गोष्ट वेगळी. १ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईसह चार शहरांत त्याचा किरकोळ वापराचा प्रयोग सुरू झाला. तो बँकेतल्या शिलकीचा आकडा नसून, खिशातल्या नोटेसारखे थेट रिझर्व्ह बँकेचे देणे आहे. म्हणूनच त्यावर व्याज नाही. तो नोटा-नाण्यांच्याच किमतींत मिळतो. त्याची माहिती कोणी उतरवून घेतली तरी उपयोग नाही, कारण एकदा खर्च झालेला ई-रुपया यंत्रणा त्याच हातून पुन्हा घेत नाही.

२००९ साली सुरू झालेल्या बिटकॉइनमध्ये रिझर्व्ह बँकेसारखा मालकच नाही. एकच खातेवही जगभरच्या हजारो संगणकांवर असते आणि साधारण दर दहा मिनिटांनी तिला नवे पान जोडले जाते. तेच नाणे दोघांना दिले, तर वहीत आधी पक्का झालेला व्यवहार खरा. पान बदलायचे तर बाकी सगळ्यांपेक्षा जास्त गणनशक्ती लागते, म्हणजे अफाट वीज. भारतात ते कायदेशीर चलन नाही. नफ्यावर ३० टक्के कर मात्र आहे.

खरी पंचाईत बदलापूर लोकलमध्ये रेंज गेल्यावर. वहीच गाठता आली नाही, तर आधीचा खर्च तपासायचा कसा? ८ फेब्रुवारी २०२४ च्या पतधोरणात रिझर्व्ह बँकेने ऑफलाइन ई-रुपयाची घोषणा केली. अशा व्यवहारात तपासणीचे काम फोन किंवा कार्डातल्या सुरक्षित चिपवर सोपवता येते. ती फोडली गेलीच तर नुकसान आवाक्यात राहावे, म्हणून रकमेला मर्यादा घालावी लागते.