कवितासंग्रह हाच प्रबंध

आपल्याकडे दुसऱ्याच्या कवितेवर प्रबंध लिहिला की पीएच.डी. मिळते. स्वतःच्याच कविता प्रबंध म्हणून नेल्या, तर मार्गदर्शक चहा पाजून परत पाठवतील. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाने मात्र १९२२ मध्येच जाहीर केलं की, पदव्युत्तर पदवीसाठी सर्जनशील कृती प्रबंधाच्या जागी चालेल. त्या वेळचे अधिष्ठाता कार्ल सीशोअर मानसशास्त्रज्ञ होते. माणसाची संगीताची उपजत जाण मोजायच्या चाचण्या त्यांनी १९१९ मध्ये प्रसिद्ध केल्या होत्या. जे मोजता येत नाही त्याला पदवी द्यायचा निर्णय अशा मोजमापवाल्या माणसाच्या कारकिर्दीत व्हावा, याची गंमत वाटते.

निर्णय कागदावरून वर्गात यायला दहाएक वर्षं गेली. पॉल एंगल या तरुणाने कवितांचा संग्रह प्रबंध म्हणून देऊन एम.ए. मिळवली आणि १९३२ मध्ये त्याचा पहिला संग्रह येल विद्यापीठाच्या नवकवींच्या मालेत छापून आला. १९३६ मध्ये विल्बर श्रॅम यांच्या हाताखाली ‘रायटर्स वर्कशॉप’ रीतसर सुरू झालं. १९४१ पासून सुमारे पाव शतक त्याची सूत्रं एंगल यांच्याकडे होती. महायुद्धानंतर सरकारी खर्चाने शिकायला आलेल्या सैनिकांनी वर्ग भरले आणि नदीकाठच्या पत्र्याच्या लष्करी बराकींत कथा वाचल्या जाऊ लागल्या.

इथे मिळणाऱ्या पदवीचं नाव एम.एफ.ए., म्हणजे ललित कलांतली पदव्युत्तर पदवी. अटी ऐकायला रुक्ष आहेत. दोन वर्षं, अठ्ठेचाळीस क्रेडिट, प्रत्येक सत्रात कार्यशाळेचा वर्ग, जोडीला वाचनाचे काही वर्ग आणि शेवटी प्रबंध, म्हणजे कथांचा वा कवितांचा संग्रह किंवा कादंबरी. इतर विद्यापीठं आपापल्या परीने भर घालतात : कुठे तोंडी परीक्षा, कुठे परकी भाषा, कुठे समीक्षात्मक निबंध. नोकरी सोडता न येणाऱ्यांसाठी व्हर्माँटमधल्या गॉडर्ड कॉलेजने १९७६ मध्ये वेगळी वाट काढली. वर्षातून दोनदा थोडे दिवस एकत्र राहायचं आणि उरलेलं शिक्षण टपालाने. लिखाणाचं पुडकं शिक्षकाकडे जाई आणि सविस्तर पत्रासह परत येई. माझ्या मते संपादक आणि लेखक यांच्यातल्या खऱ्या व्यवहाराच्या सर्वांत जवळ जाणारी रीत हीच.

प्रवेश ठरतो तो मुख्यतः हस्तलिखितावर; गुणपत्रिका नंतर. एंगल सांगत तो किस्सा प्रसिद्ध आहे. १९४५ मध्ये जॉर्जियाहून आलेल्या एका मुलीचं दाक्षिणात्य बोलणं त्यांना काही केल्या कळेना, तेव्हा त्यांनी तिच्यापुढे कागद सरकवला. आपण पत्रकार नाही, कार्यशाळेत यायचं आहे, असं तिने लिहून दिलं. ही फ्लॅनरी ओ’कॉनर. तिचा १९४७ चा प्रबंध म्हणजे ‘द जिरेनियम’ ही शीर्षककथा धरून अवघ्या सहा कथा. त्यातल्या ‘द ट्रेन’मधून पुढे तिची पहिली कादंबरी निघाली. ‘द जिरेनियम’ मात्र तिने आयुष्याच्या अखेरीस, १९६४ मध्ये, पुन्हा नव्याने लिहायला घेतली. पदवी देणाऱ्यांचं समाधान सतरा वर्षांपूर्वीच झालं होतं, तिचं झालं नव्हतं.

कुठल्याही नियमावलीत ठळक न छापलेली एक अट सर्वांत कडक ठरली. ज्याची कथा चर्चेला असेल त्याने तोंड मिटून बसायचं. कथेने स्वतःच बोलावं, हा हेतू वाईट नाही. पण टेबलाभोवतीचे सगळे एकाच वळणाचे वाचक असले, तर गप्प बसणाऱ्याचं जग त्यांना ‘अस्पष्ट’ वाटतं आणि दोष लिखाणाच्या माथी बसतो. मॅथ्यू सालेसिस यांनी २०२१ च्या ‘क्राफ्ट इन द रिअल वर्ल्ड’मध्ये याच नियमाची झडती घेतली आहे. सँड्रा सिस्नेरोस १९७० च्या दशकाच्या अखेरीस आयोवात होत्या. स्मृतीतलं घर या विषयावर वर्गात चर्चा चालली असताना, इतरांच्या आठवणीतलं ते प्रशस्त घर आपल्याकडे कधी नव्हतंच, हे शिकागोतल्या गरीब मेक्सिकन कुटुंबातून आलेल्या या मुलीच्या लक्षात आलं. तिथूनच तिचं ‘द हाउस ऑन मँगो स्ट्रीट’ हे पुस्तक सुरू झालं. कार्यशाळेचं श्रेय मानायचंच तर ते असं, उलट्या बाजूने.

आपले दिलीप चित्रे १९७५ ते १९७७ आयोवात होते, पण या पदवीसाठी नव्हे. एंगल आणि ह्वालिंग निए यांनी १९६७ मध्ये उभ्या केलेल्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात ते पाहुणे लेखक होते. तिथे क्रेडिट नाहीत, प्रबंधही नाही.

मग पदवी कशाला? नोकरीसाठी. अमेरिकेत एम.एफ.ए. ही या विषयातली अंतिम पदवी मानतात, म्हणजे महाविद्यालयात लेखन शिकवायला ती पुरते. निदान कागदोपत्री. प्राध्यापकांच्या जाहिरातींत तिच्या जोडीला बहुतेक वेळा प्रकाशित पुस्तक मागितलेलं असतं. दरवर्षी पदवीधर ढीगभर, जागा मोजक्या. पुस्तकाचं पारडं किती जड, हे कथाकार रेमंड कार्व्हरवरून कळतं. तो १९६३ मध्ये आयोवात आला आणि वर्षभरात पदवी न घेताच निघून गेला. १९७३ मध्ये त्याच कार्यशाळेने त्याला शिकवायला बोलावलं.