गुंता जातो कुठे?

नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली (ता. शहादा) येथे २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले. २०१६ मध्ये ही संख्या १०० कोटींवर गेली. एवढा व्याप सांभाळायचा कसा? बँका, टेलिफोन कंपन्या यांच्यापुढेही हाच प्रश्न असतो.

एक उपाय म्हणजे मधला गाभा लहान ठेवणे. आधारच्या बारा अंकांत गाव, जात काहीच दडलेले नसते. शेवटचा अंक आधीच्या अकरांवरून काढलेला असतो, त्यामुळे एखादा अंक चुकीचा लिहिला तर लगेच कळते.

नवी नोंद आधीच्या सर्व नोंदींशी ताडावी लागते. वर्गातील ४० मुलांच्याच ७८० जोड्या होतात! पण हे काम नोंदणीच्या वेळचे. पुढे ओळख पटवताना त्या एकाच नोंदीशी तुलना होते आणि उत्तर येते, ‘होय’ किंवा ‘नाही’. रेशनचे, बँकेचे नियम ज्याचे त्याने पाहायचे.

मग गुंता संपला का? तो फक्त कडेला सरकला. राबून झिजलेल्या बोटाचा ठसा जुळला नाही किंवा सातपुड्यातील पाड्यावर रेंज नसली, तर धान्य अडते. म्हणून अशा वेळची पर्यायी वाट हाही आपण यंत्रणेचाच भाग मानला पाहिजे.