डिकी आपोआप खाली येतेय? काठी लावून दिवस ढकलू नका, शॉकअप बदला

नाशिक : पहाटेच्या थंडीत टोमॅटोचे क्रेट भरायला गाडीची डिकी उघडावी आणि हात सोडताच ती हळूहळू खाली यावी, असा अनुभव सध्या अनेकांना येत असेल. मग कुणी काठी लावतो, तर कुणी डोक्यानेच डिकी पेलून धरतो. पण काठी निसटली की काचेसकट ते जड झाकण थेट डोक्यावर, मानेवर नाहीतर बोटांवर येते. त्यामुळे हे दुखणे अंगावर काढण्यासारखे नाही.

शॉकअप काम कसा करतो?

डिकीच्या कडेला काळी नळी आणि तिच्यातून आत-बाहेर होणारा चकचकीत दांडा असतो. गॅरेजवाले त्यालाच डिकीचा शॉकअप म्हणतात. नळीत नायट्रोजन वायू मोठ्या दाबाने भरलेला असतो आणि थोडे तेल असते. वायू दांड्याला बाहेर ढकलतो, म्हणून झाकण वर जाते आणि वरच थांबते. तेलामुळे झाकण शेवटी धाडकन आदळत नाही. दांडा नळीतून बाहेर येतो तिथे रबरी सील असते. ते झिजले की वायू थोडा-थोडा निघून जातो आणि डिकी खाली यायला लागते.

सगळ्याच गाड्यांना हा शॉकअप नसतो. बोलेरोचे मागचे दार बाजूला उघडते, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही. बऱ्याच छोट्या गाड्यांच्या बॉनेटला साधी लोखंडी दांडी असते. ती तिच्या खाचेत नीट बसवली की झाले. काही महागड्या गाड्यांच्या बॉनेटला मात्र शॉकअप असतो. त्यालाही खालचेच नियम लागू आहेत.

थंडीतच त्रास का वाढतो?

वायू गार झाला की त्याचा दाब कमी होतो. दुपारी 35 अंशांना जो जोर असतो, तो पहाटे 5 अंशांना साधारण 10 टक्क्यांनी घटतो. निफाड परिसरात काही हिवाळ्यांत पारा 5 अंशांच्याही खाली गेलेला आहे. नवा शॉकअप एवढी घट सहज सोसतो. आधीच अर्धा संपलेला शॉकअप मात्र अशा पहाटे दगा देतो. म्हणून तपासणी दुपारी नको, सकाळी करा. डिकी पूर्ण उघडा, हात जवळच ठेवा आणि मिनिटभर थांबा. झाकण खाली सरकले, दांड्यावर तेल ओघळलेले दिसले किंवा दांड्याला ओरखडे, गंज असला, तर शॉकअप संपला समजा.

निगा कशी राखायची?

- दांडा कोरड्या मऊ कपड्याने पुसा. मातीचे कण सील खातात.
- दांड्याला ग्रीस लावू नका. त्यावर धूळ चिकटते आणि नुकसानच होते.
- फवारणीचे मोरचूद डिकीतून नेत असाल, तर पुडे घट्ट बांधून न्या. मोरचुदाने लोखंड गंजते.
- डिकी उघडी ठेवून, क्रेट बाहेर काढून गाडी चालवू नका. हादऱ्यांनी शॉकअपचे सांधे ढिले होतात. शिवाय सायलेन्सरचा धूर गाडीत शिरतो, तो जिवाला घातक आहे.

नवा घेताना

जुन्या नळीवरचा नंबर पाहा. त्यात न्यूटनचा आकडा असतो. 350 न्यूटन म्हणजे ढोबळमानाने 35 किलोचा जोर. गाडीचे मॉडेल, वर्ष आणि हा नंबर दुकानदाराला सांगा, शक्य झाल्यास जुना शॉकअपच सोबत न्या. लांबी आणि जोर दोन्ही जुळले पाहिजेत. जास्त जोराचा घेतला तर झाकणावर आणि बिजागरीवर ताण येतो. दोन शॉकअप असतील तर दोन्ही एकदम बदला. एक नवा आणि एक जुना ठेवला, तर झाकण एका बाजूने पिळले जाते.

नवा शॉकअप हाताने दाबला जात नाही. ‘खराब माल दिला’ म्हणून परत करू नका, तो तसाच असतो.

बदलायचा कसा?

1. गाडी सपाट जागी लावा, डिकी रिकामी करा.
2. दुसऱ्या माणसाला झाकण दोन्ही हातांनी धरायला सांगा. शॉकअप काढल्यावर सगळे वजन त्याच्यावरच येते. लहान मुलांना लांब ठेवा.
3. जुना कसा बसवलाय त्याचा मोबाईलवर फोटो काढा. जाड नळी कुठल्या टोकाला आहे, हे त्यात दिसू द्या.
4. टोकाची लोखंडी क्लिप चपट्या स्क्रू ड्रायव्हरने किंचित उचला आणि टोक गोळीवरून ओढून काढा. क्लिप पूर्ण काढायची गरज बहुतेक वेळा पडत नाही.
5. नवा शॉकअप फोटोप्रमाणेच लावा. ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबा आणि ओढून पाहा. मगच दुसऱ्या बाजूला हात घाला.
6. पहिल्यांदा झाकण सावकाश बंद करा. कुठे घासत नाही ना, ते बघा.

काही गाड्यांत गोळीऐवजी बोल्ट असतात किंवा आतले प्लास्टिक काढावे लागते. तिथे मेकॅनिककडूनच काम करून घ्या.

जुन्याचे काय करायचे?

जुना शॉकअप रिकामा दिसला तरी आत दाब शिल्लक असू शकतो. त्याला भोक पाडू नका, गॅस कटरने कापू नका, कचऱ्यासोबत शेकोटीत टाकू नका. नळी फुटून तुकडे अंगावर येऊ शकतात. ‘भोक पाडून गॅस भरून देतो’ म्हणणाऱ्याच्याही नादी लागू नका. भंगारवाल्याला देताना ‘यात दाबाचा गॅस आहे’ एवढे आवर्जून सांगा, म्हणजे तो बेसावधपणे त्यावर कटर चालवणार नाही.

द्राक्ष आणि टोमॅटोच्या हंगामात डिकी दिवसातून दहा वेळा उघडते. माल भरायला उभे राहण्याआधी एकदा वर बघून घ्या.