भरती आल्यावर रोहित कुठे जातात?

यवतमाळजवळच्या लोहाऱ्यात पाणी चढतं ते पावसाळ्यात. ठाण्याच्या खाडीत ते रोज दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. तिथलं सगळं जगणं या पाण्याच्या वेळा पाळतं, म्हणून समुद्रापासून दूर राहणाऱ्या आपण आधी भरती-ओहोटी समजून घ्यायला हवी.

ओहोटी लागली की दूरवर चिखल उघडा पडतो. निवट्या बिळाबाहेर येतात. मासे असूनही ते चिखलावर उड्या मारत फिरतात. काठावरचं तिवराचं झाड श्वास घेण्यासाठी मुळं चिखलातून वर काढतं आणि जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. आणि मग येतात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. मान खाली घालून चोच पाण्यात उलटी धरायची, जिभेने पाणी आत ओढायचं, चोचीतल्या बारीक पट्ट्यांतून ते गाळून बाहेर सोडायचं. धाकट्या रोहिताला नीलहरित शेवाळ लागतं, थोरल्याला बारीक कवचधारी जीव आणि अळ्या. पिसांचा गुलाबी रंग याच अन्नातून येतो. हिवाळ्यात हजारोंनी येणारे हे थवे उन्हाळा सरेपर्यंत मुक्काम करतात.

2015 मध्ये इथे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य झालं. क्षेत्र सुमारे 17 चौरस किलोमीटर, त्यातलं निम्म्याहून अधिक कांदळवन, म्हणजे तिवरासारख्या झाडांचं रान. 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींना मिळणारा रामसर दर्जाही मिळाला. आपल्या विदर्भातल्या लोणार सरोवराला तो 2020 मध्येच मिळाला होता. पण लोणारचा काठ असा रोज हलत नाही. खाडीचा काठ दर तासाला सरकतो, आणि नकाशावरची हद्द मात्र जागची हलत नाही.

भरतीत चिखल पाण्याखाली जातो. लांब पायांच्या रोहितांनाही तिथे उभं राहता येत नाही. मग ते भांडुप आणि नेरुळकडच्या उथळ पाणथळींत जाऊन थांबतात, आणि ओहोटीला परततात. नेरुळचं डीपीएस तळं अभयारण्याबाहेर आहे. भरतीचं पाणी अडलं, तेव्हा ते सुकत गेलं. 2024 च्या उन्हाळ्यात त्या परिसरात रोहित मेलेले सापडले. नागरिकांनी हा प्रश्न लावून धरला. 2025 मध्ये राज्य सरकारने या 30 एकरांच्या तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली. निर्णय मोलाचाच आहे, पण तिथे फलक लावण्याआधी करायचं काम वेगळं आहे: खाडीचं पाणी तळ्यात येण्याच्या वाटा उघडायच्या आणि वर्षभर गाळ काढून मोकळ्या ठेवायच्या.