सूर राहतो, नाव हरवते

गिरमिटाच्या करारावर जहाजात चढलेल्या माणसांची नावे कारकुनांनी कानी पडली तशी नोंदवहीत उतरविली. त्यांच्या पतवंडांना आज मूळ नावांचा शोध घ्यावा लागतो. त्यांच्या गाण्यांवर तरी तो प्रसंग येऊ नये.

अमेरिकन लोकगीतसंग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांनी १९६२ साली वेस्ट इंडीजमधील भारतीय वंशीयांची गाणी ध्वनिमुद्रित केली. राउंडर या अमेरिकन कंपनीने ती १९९९ साली सीडीवर काढली. परंतु सीडीवर गाणे असते ते सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या आकड्यांत. गायकाचे नाव बहुधा वेष्टनावरच छापलेले. वेष्टन हरवले की गायक निनावी होतो.

लिनक्सवर यास उपाय आहे. ‘सीडीपॅरानोइया’ हा प्रोग्रॅम ओरखडे पडलेला भाग पुनःपुन्हा वाचून गाणे संगणकात उतरवून घेतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फ्लॅक’ या स्वरूपात फाइल लहान होते, तरी मूळ ध्वनीतील काहीही गळत नाही. गायक, वादक, गाव, वर्ष ही माहिती त्याच फाइलीत, देवनागरीतसुद्धा, लिहिता येते.

‘म्युझिकब्रेन्झ’ या सूचीतून नावे आयती मिळतात. मात्र ती स्वयंसेवकांनी भरलेली असल्यामुळे पडताळून घ्यावीत. जुन्या घरगुती गाण्यांची नोंद तेथे सापडणे कठीण. ती नावे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून, त्यांच्याच उच्चाराप्रमाणे, लिहून ठेवावीत. यंत्र सूर उतरवून घेते. गाणे कोणी गायिले, हे माणसालाच सांगावे लागते.