डेटाबेस सुरू करताना न वाचलेला इशारा

पीएचडीच्या पहिल्या वर्षी लॅबच्या सामायिक सर्व्हरवर मी पोस्टग्रेस टाकलं. ॲडमिनचे अधिकार नव्हते, म्हणून कोंडातून पॅकेज घेतलं आणि 'इनिटडीबी' चालवलं. काम संपता संपता स्क्रीनवर एक इशारा आला आणि त्याखाली 'सक्सेस'. सक्सेस दिसल्यावर वरचं कोण वाचतं? पुढे त्याच डेटाबेसमध्ये मी मुलाखती दिलेल्या लोकांची नावं आणि फोन नंबर भरले.

तो इशारा काय सांगत होता ते आधी बघू.

इनिटडीबी डेटाबेसचं रिकामं घर बांधून देतं. त्यातच 'पीजी-एचबीए' नावाची एक कॉन्फिग फाइल तयार होते. कोणी, कुठून यायचं आणि ओळख कशी पटवायची, हे तिच्यात लिहिलेलं असतं. तुम्ही पडताळणीची पद्धत सांगितली नाही, तर इनिटडीबी तिथे 'ट्रस्ट' लिहितं. म्हणजे जो म्हणेल 'मी सुपरयूझर', तो सुपरयूझर. पासवर्ड विचारलाच जात नाही.

पण हे फक्त त्याच मशीनवरच्या जोडण्यांसाठी आहे, मग बिघडलं कुठे? स्वतःच्या लॅपटॉपवर फारसं बिघडत नाही. सामायिक सर्व्हरवर मात्र लॉगिन असलेला प्रत्येक जण 'त्याच मशीनवर' असतो. शिवाय पोस्टग्रेसच्या सुपरयूझरला 'कॉपी' आज्ञेतून सर्व्हरवर शेल कमांड चालवता येते, आणि ती तुमच्या खात्याच्या नावाने चालते. म्हणजे टेबलंच नाही, तुमच्या थिसिसचं फोल्डरही उघडं.

नवीन डेटाबेस करताना: इनिटडीबीला तीन पर्याय द्या. लोकल जोडणीसाठी 'पीअर', होस्ट जोडणीसाठी 'स्क्रॅम-शा-२५६', आणि सुपरयूझरचा पासवर्ड विचारून घेण्याचा पर्याय. पीअरमध्ये समोरचा कोण आहे हे ऑपरेटिंग सिस्टीमच सांगते, त्यामुळे खोटं नाव चालत नाही.

आधीच चालू असलेला डेटाबेस असेल तर क्रम महत्त्वाचा आहे:

१. आधी सुपरयूझरला पासवर्ड द्या. नाहीतर स्वतःच बाहेर राहाल.

२. मग फाइलमधल्या ट्रस्टच्या सगळ्या ओळी बदला. खालच्या 'रेप्लिकेशन'च्या ओळी विसरू नका. त्या वाटेने अख्ख्या डेटाबेसची प्रत काढता येते. जुळणारी पहिली ओळ निर्णय देते, म्हणून वर एक ट्रस्ट राहिली तर खालच्या कडक ओळीचा उपयोग शून्य.

३. कॉन्फिग रीलोड करा. आधीपासून जोडलेली सेशन्स याने तुटत नाहीत, ती वेगळी बंद करा.

४. शेवटी तपासा. पासवर्ड न देता १२७.०.०.१ वर जोडायचा प्रयत्न करा. तो फसला पाहिजे.

डॉकर वापरत असाल तर आणखी एक. पोस्टग्रेसची अधिकृत इमेज पासवर्ड दिल्याशिवाय सुरू होत नाही. त्यावर 'होस्टची पद्धत ट्रस्ट करा' हा उपाय नेटवर सहज सापडतो. तो करू नका. तिथे ट्रस्ट नेटवर्कवरून येणाऱ्यांनाही लागू होतो, आणि पोर्ट उघडा ठेवला तर बाहेरच्या कोणालाही आत येता येतं.

उबंटूच्या स्वतःच्या पॅकेजमध्ये हा प्रश्न येत नाही, कारण तिथे पॅकेज बनवणाऱ्यांनी पीअर आधीच निवडलेलं असतं. म्हणजे सॉफ्टवेअर एकच, पण ते कुठून घेतलं यावर सुरक्षितता बदलते. म्हणून 'मी काही बदललंच नाही' हा बचाव होत नाही. डीफॉल्ट ठेवणं हाही तुमचाच निर्णय असतो.

माझ्या संमतीपत्रात लिहिलं होतं, 'माहिती फक्त संशोधक पाहील.' लोकांनी त्यावर सह्या केल्या. कोणी आत डोकावलं की नाही, हे मला कधीच कळणार नाही, कारण जोडण्यांची नोंद ठेवणंही मी चालू केलं नव्हतं. तुमच्या सर्व्हरवरची ती फाइल आजच उघडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.