जुन्या पितळी वाद्याचा जीर्णोद्धार : निर्णयाचे निकष

जुने वाद्य हाती आले म्हणजे 'हे दुरुस्त करावे काय?' हा प्रश्न सहज विचारला जातो. परंतु 'दुरुस्त करणे' या एका प्रयोगात तीन भिन्न व्यवहार मिसळलेले असतात. वाद्य पुन्हा वाजते करणे ही दुरुस्ती. त्याचे मूळ रूप परत आणणे हा जीर्णोद्धार. आणि आहे त्या स्थितीत त्याचा ऱ्हास थांबविणे हे जतन. यांपैकी काय साधावयाचे आहे, हे आधी ठरले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये घडविलेले तीन पिस्टनांचे कॉर्नेट उदाहरणादाखल घेऊन या निर्णयाचे निकष पाहू.

पहिला निकष धातूचा. पितळ हा तांबे व जस्त यांचा मिश्रधातू होय. वादकाच्या श्वासातील ओलावा व लाळ यांमुळे त्यातील जस्त हळूहळू विरघळून जाते आणि सच्छिद्र तांबे मागे उरते. पृष्ठभागावर गुलाबी किंवा तांबूस ठिपके दिसतात ती याचीच खूण. परंतु विकार आतून सुरू झालेला असतो आणि फुंकर जिच्यात प्रथम शिरते त्या नळीत तो सर्वाधिक आढळतो. अशी नळी बरी होत नाही, बदलावीच लागते. याउलट बाहेरचा काळपट थर, कर्ण्याला पडलेले पोचे, सुटलेले डाख ही दिसण्यात भयंकर असली तरी कुशल कारागिराच्या आवाक्यातील कामे होत.

दुसरा निकष पिस्टनांचा. पिस्टन न दाबता त्याची सरकती नळी थोडी बाहेर ओढावी व मग पिस्टन दाबावा. 'फट्' असा स्पष्ट आवाज आला तर हवा कोंडून राहते असे समजावे. आवाज न आल्यास पिस्टन किंवा ती नळी झिजलेली असण्याचा संभव असतो. झिजलेल्या पिस्टनांवर धातूचा मुलामा चढवून ते पुन्हा नेमके बसविणे हे काम अत्यंत खर्चिक असते.

तिसरा निकष स्वराचा. तो बहुधा विसरला जातो. त्या काळच्या अनेक इंग्रजी वाद्यांचा 'ए' हा स्वर सेकंदास सुमारे ४५२ कंपनांचा असे. आजचे प्रमाण ४४० आहे. हे अंतर जवळजवळ पाव स्वराचे, म्हणजे अर्ध्या स्वरांतराच्या निम्मे होय. ब्रिटिश पितळी वाद्यवृंदांत ही उंच पट्टी १९६० च्या दशकापर्यंत टिकून होती. सुमारे दीड मीटर लांबीच्या नळीत ही तूट चार सेंटिमीटरांच्या आसपास येते. केवळ मुख्य सरकती नळी लांबवून ती भरून निघत नाही. पिस्टनांच्या नळ्याही त्याच प्रमाणात लांबवाव्या लागतात. म्हणून निर्दोष झालेले वाद्यही आजच्या वृंदात बेसूर ठरू शकते.

येथवरचे निकष वाद्य वाजेल काय, एवढेच सांगतात. वाजवावे काय, हा प्रश्न वेगळा आहे. यंत्रावर घासून चकचकीत केलेल्या पितळावरील कोरीव नाव, अनुक्रमांक व हत्यारांच्या खुणा पुसट होतात. आणि त्याच खुणांवरून निर्माता, काळ व घडणीची पद्धती निश्चित होत असते. पाठचिकित्सेचा अभ्यासक हस्तलिखितातील दुष्ट पाठ दुरुस्त करतो, परंतु मूळ पाठ तळटीपेत राखून ठेवतो. धातूला तळटीप नसते. शिवाय कोणी नंतर नळ्या लांबवून पट्टी उतरविली असेल, तर ती भरही परहस्ताच्या टीपेप्रमाणे इतिहासाचाच भाग ठरते. 'मूळ रूप' आणण्याच्या उत्साहात ती काढून टाकणे म्हणजे पुरावा नष्ट करणे होय.

तात्पर्य असे : ज्या नमुन्याची पुष्कळ वाद्ये उपलब्ध आहेत आणि ज्याची नळी व पिस्टन शाबूत आहेत, ते निःशंकपणे वाजते करावे. दुर्मिळ वाद्याच्या बाबतीत मात्र जे पुढे उलटविता येईल तेवढेच करावे : स्वच्छता, तेल, सुटलेला डाख. आणि कोणतेही काम आरंभण्यापूर्वी मोजमापे व छायाचित्रे नोंदवून ठेवावीत. जी तळटीप धातूवर लिहिता येत नाही, ती निदान कागदावर तरी उरावी.